लाल शेरा थोरल्याला, साखर धाकट्याला

थोरले भाऊ आले ते जनुक-चाचणीचा रिपोर्ट हातात घेऊनच. सोळा पानांचा, गुळगुळीत कागदाचा. तिसऱ्या पानावर लाल पट्टी होती आणि तिच्यात 'लठ्ठपणाचा धोका : अधिक' असं छापलेलं. खाली एफटीओ या जनुकाचं नाव आणि 'दोन्ही प्रती जोखमीच्या' असा शेरा. धाकटे भाऊ नुसते सोबत म्हणून आलेले. त्यांनी तीच चाचणी दोन वर्षांपूर्वी करून घेतली होती, आणि दादाच्या मागे लागून त्यालाही करायला लावणारे तेच. "माझं सगळं हिरवं आलंय, डॉक्टर," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "दादाचं काय ते बघा."

थोरल्यांचं वय ४६, उंची १७४ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३२.४. धाकटे ४२ वर्षांचे, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६९ किलो, बीएमआय २३.३. दोघांना शेजारी उभं केलं तर आजारी कोण, हे रस्त्यावरचा माणूसही बोट दाखवून सांगेल. आणि चुकेल.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. दोघे भाऊ कल्पित आहेत, पण त्यांच्यासारखे आकडे मधुमेहाच्या ओपीडीत बसणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील. ज्या संशोधनाचा उल्लेख पुढे येतो ते मात्र खरं आहे.)

आमच्या सिस्टरांना एक सवय आहे. रुग्णासोबत आलेला माणूस तयार असेल तर त्याच्याही बोटाला टोचून साखर बघायची. धाकटे हसत हसत बोट पुढे करून बसले. मीटरवर २१४ आलं. सिस्टरांनी बोट पुसून, नवी पट्टी लावून परत पाहिलं. २११. जेवून अडीच तास होऊन गेले होते. धाकट्यांचं हसू लगेच गेलं नाही. मीटर बिघडलं असेल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

उपाशीपोटीचे आकडे

दोन दिवसांनी दोघांचं उपाशीपोटी रक्त घेतलं. थोरल्यांची साखर ९२, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.४ टक्के, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ९६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४८. रक्तदाब १२४/७८. यकृताचं एन्झाइम एएलटी २२, सोनोग्राफीत यकृत स्वच्छ. बत्तीसच्या वर बीएमआय असलेल्या माणसाचा हा रिपोर्ट नाव झाकून दाखवला, तर तो एखाद्या सडपातळ माणसाचा म्हणून सहज खपून जाईल.

धाकट्यांची साखर १३८, एचबीएवनसी ७.४, ट्रायग्लिसराइड २६८, एचडीएल ३३. रक्तदाब १३८/८८. एएलटी ६१, आणि सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचं फॅटी लिव्हर. दारू नाही, स्टेरॉइड नाही, यकृताला त्रास देणारं दुसरं कुठलं औषधही नाही.

बारीक माणसात मधुमेह सापडला की आधी वेगळ्या दिशेने विचार करावा लागतो. शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलं असेल का? त्यासाठी जीएडी अँटिबॉडी पाहिली, निगेटिव्ह आली. इन्सुलिन तयारच होत नसेल का? इन्सुलिनसोबतच तयार होणारं सी-पेप्टाइड चांगलं वरच्या अंगाला होतं, म्हणजे इन्सुलिन भरपूर बनत होतं, पण त्याला कोणी जुमानत नव्हतं. हा सरळसरळ इन्सुलिन रेझिस्टन्स. तो लठ्ठ माणसात शोधायची आपल्याला सवय, आणि इथे तो ६९ किलोंच्या माणसात बसलेला.

मग मोजपट्टी काढली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात कामाला आलेलं साधन तेच. थोरल्यांची कंबर १०३ सेंटिमीटर, नितंबांचा घेर ११३. धाकट्यांची कंबर ९१ आणि नितंबांचा घेर ९२, जवळजवळ तेवढाच. त्यांची पँट पोटाशी करकचून आवळलेली आणि मांड्यांवर पिशवीसारखी लोंबणारी. विचारल्यावर म्हणाले, "कपडे घेताना नेहमीचीच कटकट. कमरेला बसेल ती पायात ढगळ." पोटऱ्यांवरच्या शिरा स्पष्ट दिसत होत्या. मांडीवरची कातडी चिमटीत धरली तर हाताला चरबी अशी लागलीच नाही. तीच चिमूट थोरल्यांच्या मांडीवर चांगली जाड भरली.

हातपाय असे कोरडे दिसले की आणखी एक शंका घ्यायला हवी. आंशिक लिपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असतो. एलएमएनए किंवा पीपीएआरजी या जनुकात दोष असलेल्या माणसांच्या हातापायांवरची चरबी वयात येताना वितळून जाते. ती दिसतात पिळदार, पण त्यांचं ट्रायग्लिसराइड आभाळाला भिडलेलं असतं, यकृत चरबीने भरलेलं असतं आणि मधुमेह तरुणपणीच गाठतो. धाकट्यांची ही दोन्ही जनुकं वाचून घेतली. दोष निघाला नाही. तरी हा आजार इथे सांगितला, कारण पुढचं सगळं समजायला तो किल्लीसारखा उपयोगी पडतो. चरबी कमी असल्याने माणूस निरोगी होत असता, तर या रुग्णांइतकं निरोगी कोणी नसतं.

मग रिपोर्ट खोटा होता का?

थोरल्यांचा पहिला प्रश्न हाच. उत्तर असं, की प्रयोगशाळेने जे वाचलं ते बरोबरच वाचलं होतं. गंमत म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तर आईवडिलांचाही हिशोब लागतो. थोरल्यांकडे एफटीओच्या जोखमीच्या दोन प्रती, धाकट्यांकडे एकही नाही. प्रत्येक मूल आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत घेतं. तेव्हा आई आणि वडील, दोघांकडेही एकेक जोखमीची आणि एकेक बिनजोखमीची प्रत असणारच. फासा एकाला एका बाजूने पडला, दुसऱ्याला दुसऱ्या.

एफटीओची गोष्ट २००७ सालची. संशोधक खरं तर टाइप टू मधुमेहाची जनुकं शोधत होते. सोळाव्या गुणसूत्रावरची एक जागा हाती लागली. तिथला एक भेद, म्हणजे माणसामाणसांत आढळणारा जनुकीय मजकुरातला बारीक फरक, मधुमेहींमध्ये जास्त दिसत होता. पण आकडेमोडीत बीएमआय लक्षात घेताच मधुमेहाशी असलेला संबंध नाहीसा झाला. म्हणजे तो भेद साखर थेट बिघडवत नव्हता, तो वजन वाढवत होता, आणि साखर चढत होती ती वजनाच्या पाठोपाठ. ३८,७५९ लोकांच्या त्या अभ्यासात सुमारे १६ टक्के प्रौढांकडे जोखमीच्या दोन्ही प्रती होत्या. त्यांचं वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त होतं आणि लठ्ठपणाची शक्यता १.६७ पट.

तीन किलो. थोरल्यांना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "मग बाकीचे पंचवीस कोणाचे?" प्रश्न अगदी रास्त. बाकीचे इतर शेकडो जनुकभेदांचे, आणि झोप, काम, खाणं, बसणं, वय या सगळ्यांचे. २०१८ साली सुमारे ७ लाख लोकांच्या माहितीतून बीएमआयशी जोडलेले ९४१ भेद सापडले. ते सगळे एकत्र केले तरी माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकापैकी फक्त ६ टक्के फरकाचा खुलासा होतो. एफटीओ त्यातला सर्वात मोठा मोहरा खरा, पण मोहरा एकच.

हा भेद काम कसा करतो, याची उकल व्हायला बरीच वर्षं गेली आणि ती अजून पूर्ण झालेली नाही. मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं की जोखमीची प्रत असलेली मुलं ऊर्जा कमी जाळतात असं नाही, ती जास्त खातात आणि उष्मांकाने भरलेलं खातात. पोट भरल्याची खूण त्यांना उशिरा पटते. मग २०१४ साली कळलं की हा भेद एफटीओच्या हद्दीत असला तरी त्याचा हात लांबवरच्या आयआरएक्स३ या जनुकापर्यंत पोचतो. २०१५ च्या कामातून पुढे आलं की चरबीच्या पेशी घडत असताना याच जागेमुळे आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ यांचं काम दुप्पट होतं आणि त्या पेशी ऊर्जा उष्णतेत घालवण्याऐवजी साठवण्याकडे वळतात. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, असा हा प्रकार. रिपोर्टच्या लाल पट्टीवर यातलं काहीच मावत नाही.

थोडक्यात, थोरल्यांच्या रिपोर्टने सांगितलं होतं ते एवढंच, की या माणसाच्या शरीरात जास्त चरबी येण्याकडे कल आहे. आल्यावर ती ठेवायची कुठे, हा वेगळा प्रश्न. त्याची जनुकं वेगळी आणि त्या रिपोर्टमध्ये त्यांचं पानच नव्हतं.

कोठार

त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, हे शरीराचं कोठार आहे. जेवणानंतर रक्तात आलेली चरबी तिथे मुकाट्याने आत घेतली जाते आणि लागेल तशी बाहेर येते. कोठार ऐसपैस असेल तर माणूस जाडजूड दिसतो, पण माल जागच्या जागी राहतो. कोठार लहान असेल तर थोड्याशा जादा खाण्यानेही ते भरतं, आणि उरलेला माल ओसरीवर, जिन्यात, स्वयंपाकघरात पडायला लागतो. शरीरात या ओसऱ्या म्हणजे यकृत, स्नायू, स्वादुपिंड आणि आतड्यांभोवतीची जागा. चरबी यकृतात साठली की यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर साखर ओतत राहतं आणि जास्तीची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. धाकट्यांच्या रिपोर्टमधला जवळजवळ प्रत्येक बिघडलेला आकडा या एका वाक्यातून येतो.

कोठाराचा आकार बराचसा जन्मतः ठरतो, याचे पुरावे गेल्या दीड दशकात साचत गेले. २०११ साली आयआरएस१ या जनुकाजवळचा एक भेद सापडला. त्याने शरीरातली चरबी कमी होते. ऐकायला बरं वाटतं. पण तोच भेद असलेल्यांत मधुमेहाची आणि हृदयविकाराची जोखीम वाढलेली होती. पुरुषांमध्ये तो त्वचेखालची चरबी कमी करत होता, पोटाच्या आतली नाही. २०१७ साली इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेल्या ५३ जागा पुढे आल्या. ज्यांच्याकडे असे भेद जास्त, त्यांच्या नितंबांवर आणि पायांवर चरबी कमी. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे धाकट्यांची ढगळ पँटच येते.

याच्या उलट टोकाला 'अनुकूल मेद' देणारे भेद आहेत. त्यांनी वजन वाढतं, पण ती वाढ त्वचेखाली होते, यकृत मोकळं राहतं आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची जोखीम घटते. वजन वाढवणारा जनुकभेद मधुमेहापासून वाचवतो, हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला छापण्यातली चूक वाटते. म्हणून दोन-तीन दाखले जरा सविस्तर देतो.

लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक नसलेला उंदीर अखंड खातो, लठ्ठ होतो आणि मधुमेही होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा उंदरांच्या मेदपेशींतून अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक जास्त स्रवेल अशी व्यवस्था केली. ते उंदीर आपल्या लठ्ठ भावंडांपेक्षाही लठ्ठ झाले. आणि त्यांची साखर नॉर्मल झाली. चरबी यकृतातून निघून त्वचेखाली गेली होती.

माणसांतला दाखला सामोआ बेटांवरचा. तिथल्या ३,०७२ लोकांच्या अभ्यासातून २०१६ साली सीआरईबीआरएफ या जनुकातला एक भेद समोर आला. तिथे तो खूप आढळतो, जनुकाच्या दर चार प्रतींमागे साधारण एकीत. पॅसिफिक बेटांबाहेर तो जवळजवळ नाहीच. त्याची एक प्रत बीएमआय सुमारे १.४ ने वाढवते. एफटीओच्या एका प्रतीपेक्षा ही वाढ कितीतरी जास्त. आणि तरीही हा भेद असलेल्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी.

तिसरा दाखला प्रत्येक मधुमेहतज्ज्ञाने आपल्या ओपीडीत पाहिलेला असतो, फक्त त्याकडे असं बघितलेलं नसतं. पायोग्लिटाझोन हे औषध मेदपेशींतल्या पीपीएआरजीला चालना देतं. रुग्णाचं वजन वाढतं आणि साखर उतरते, यकृतातली चरबीही कमी होते. रुग्ण तक्रार करतो की गोळीने जाड झालो. वाढलेल्या वजनात थोडं पाणीही असतं, म्हणून हृदय कमकुवत असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. पण मुख्य गोष्ट अशी, की औषध कोठार वाढवून देतं. पीपीएआरजी हे तेच जनुक, जे मोडलं तर लिपोडिस्ट्रॉफी होते.

जाता जाता रक्तदाबाचं. एमसी४आर हे मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या यंत्रणेचं जनुक. त्यात मोठा दोष असलेली माणसं लहानपणापासून प्रचंड लठ्ठ असतात. पण तेवढ्याच लठ्ठ इतर माणसांशी तुलना केली तर त्यांचा रक्तदाब कमी भरतो, हे २००९ साली दिसून आलं. कारण हीच यंत्रणा सिम्पथेटिक नसांचा, म्हणजे रक्तदाब चढवणाऱ्या नसांचा, ताणही वाढवत असते. ती मंदावली की भूक सुटते आणि रक्तदाब मात्र चढत नाही. वजन आणि रक्तदाब यांची जोडी आपण अभंग मानतो. ती अशी मधूनच सुटते.

कच्ची फाईल

इथवर गोष्ट फार सोयीची झाली आहे, हे मलाही दिसतं. थोरल्यांचं कोठार मोठं, धाकट्यांचं लहान, संपलं. म्हणून धाकट्यांच्या आग्रहावरून दोघांच्या चाचणीची कच्ची फाईल मागवली. रिपोर्टमध्ये न छापलेले लाखो भेद त्यात असतात.

आयआरएस१ जवळचा भेद पाहिला. दोघांकडे अगदी सारखा. दोघांनाही त्या जागी चरबी कमी करणाऱ्या आणि जोखीम वाढवणाऱ्या दोन्ही प्रती होत्या. म्हणजे जे जनुक धाकट्यांचं कोडं सोडवेल असं वाटत होतं, ते थोरल्यांच्या अंगातही तसंच बसलेलं, आणि त्यांच्या ११३ सेंटिमीटरच्या घेराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

एका जागी मात्र फरक निघाला. पीएनपीएलए३ या जनुकाचा, यकृतात चरबी अडकवून ठेवणारा भेद २००८ साली सापडला. धाकट्यांकडे त्याची एक प्रत होती, थोरल्यांकडे नाही. यकृताच्या आकड्यांचा काही भाग त्याने समजतो. पण हा भेद एकटा इन्सुलिन रेझिस्टन्स आणत नाही, हेही त्याच्याबद्दल तितकंच पक्कं माहीत आहे. यकृतात चरबी, पण साखर बिनघोर, अशी माणसं त्याच्यामुळेच आढळतात. तेव्हा धाकट्यांच्या मधुमेहाचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

मी धाकट्यांना सांगितलं की तुमच्या मधुमेहाचं जनुक मला दाखवता येणार नाही, कारण ते एक नाहीच. डझनावारी बारीक भेदांची बेरीज आहे आणि तिच्यावर वर्षानुवर्षांची बैठी नोकरी चढलेली आहे. त्यांना हे उत्तर आवडलं नाही. सोळा पानं छापणाऱ्यांकडे उत्तर असतं आणि डॉक्टरकडे नसतं, असा काहीसा भाव चेहऱ्यावर होता.

मग मी एक प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. घरात कोणाला काय होतं? आई सडपातळ होती, कायम. पन्नाशीच्या आतच तिला मधुमेह झाला आणि पुढे हृदयविकाराने गेली. वडील चांगले वजनदार, ८१ व्या वर्षापर्यंत साखरेची गोळी माहीत नाही, गुडघे मात्र साठीतच गेलेले. "दादा बाबांवर गेलाय, मी आईवर," धाकटे सहज म्हणाले. लहानपणापासून घरात सगळे हेच म्हणत आले होते. नाकाडोळ्यांबद्दल.

दोन वर्षं हिरव्या पट्टीच्या भरवशावर त्यांनी साखर तपासली नव्हती. ऑफिसच्या वार्षिक तपासणीला दोनदा दांडी मारली होती. चाचणीने त्यांना खोटं सांगितलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि त्यांनी ते न विचारलेल्या प्रश्नाचं म्हणून घेतलं. तरी ज्यांनी ती पट्टी रंगवली, त्यांना मी पूर्ण मोकळं सोडणार नाही. लठ्ठपणाचा धोका कमी असं हिरव्या रंगात छापताना, याचा अर्थ मधुमेहाचा धोका कमी असा नाही, ही एक ओळ खाली टाकायला जागा होती.

सहा किलो

धाकट्यांना वजन कमी करायला सांगितलं तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आधीच काडीपैलवान, त्यात आणखी काय वाळवता?" प्रश्न चुकीचा नाही. पण कोठार लहान असलेल्या माणसाला माल कमी करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. न्यूकॅसल विद्यापीठातले रॉय टेलर यालाच प्रत्येकाची स्वतःची चरबीची मर्यादा म्हणतात. बीएमआय कितीही असो, आपली मर्यादा ओलांडली की साखर बिघडते, आणि तिच्या खाली आलं की सुधारू शकते. त्यांच्या चमूने २० मधुमेहींवर हे करून पाहिलं. सगळ्यांचा बीएमआय २७ किंवा त्याहून कमी. सरासरी साडेसहा टक्के वजन उतरवल्यावर २० पैकी १४ जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

धाकट्यांना मेटफॉर्मिन सुरू केलं, कोलेस्टेरॉलची गोळी दिली, आणि आहारतज्ज्ञांनी पाच महिन्यांचा आराखडा आखला. सोबत आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम, कारण उतरणाऱ्या किलोंत स्नायू जायला नको होते. पाच महिन्यांनी वजन ६३ किलो, कंबर ८४. एचबीएवनसी ६.१, ट्रायग्लिसराइड १४८, एएलटी २८. चेहरा उतरलेला दिसतो अशी तक्रार घरून आली, ती खरीही होती. नवव्या महिन्यात मेटफॉर्मिन थांबवलं आणि त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.२ भरलं. गोळी बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही ६.५ च्या खाली, म्हणजे मधुमेह माघारला असं आजच्या व्याख्येने म्हणता येतं. त्यांनी विचारलं, आता वजन थोडं वाढलं तर चालेल का. मी म्हटलं, तुमच्या बाबतीत किलोपेक्षा कमरेवर लक्ष ठेवा. ८६ च्या वर गेली की मला फोन.

थोरल्यांचं काम अधिक अवघड होतं, कारण त्यांना बरं वाटत होतं. लाल पट्टीने आलेली भीती रक्ताच्या रिपोर्टने घालवली आणि सोबत जरा जास्तच घालवली. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन्ही प्रती जोखमीच्या आहेत म्हणून वजन उतरत नाही, हे खरं नाही. आठ चाचण्यांतल्या ९,५६३ लोकांची माहिती एकत्र करून २०१६ साली हे पाहिलं गेलंय. एफटीओच्या जोखमीच्या प्रती असलेल्यांचं वजन आहार आणि व्यायामाने इतरांइतकंच उतरतं. दुसरी, लठ्ठ असून निरोगी ही अवस्था कायमची नसते. ३५ लाख लोकांच्या नोंदींवरच्या २०१७ सालच्या ब्रिटिश अभ्यासात अशा 'निरोगी लठ्ठ' लोकांनाही हृदयविकाराची जोखीम निरोगी आणि योग्य वजनाच्या लोकांपेक्षा ४९ टक्क्यांनी जास्त निघाली. शिवाय गुडघ्यांना चरबी अनुकूल की प्रतिकूल हे कळत नाही, त्यांना किलो कळतात. जनुकांवरून केलेल्या अभ्यासांतही अनुकूल मेद सांध्यांची झीज टाळत नाही, असंच दिसतं. वडिलांचे गुडघे आठवा, म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढची दोन वर्षं ते आले नाहीत.

परवा आले ते काठी घेऊन. वजन १०३ किलो, कंबर ११०. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट बुजत चाललेली. उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १५८. मधुमेह नाही, पण दोन वर्षांपूर्वीचे आकडेही नाहीत. रात्री घोरतात आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, हे त्यांच्यासोबत आलेल्या धाकट्यांकडून कळलं. झोपेची तपासणी लिहून दिली, आहारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि मोजपट्टीचे आकडे जुन्या पानाखालीच लिहिले. नितंबांचा घेर ११३ चा ११४ झाला होता, म्हणजे जवळपास तेवढाच. कंबर मात्र सात सेंटिमीटरने वाढलेली.

थोरल्यांनी ते दोन आकडे बराच वेळ पाहिले. मग धाकट्याला म्हणाले, "तुझा तो आहाराचा कागद आहे ना रे घरी?"